हरित विद्रावक आणि आपली भैषज्यकल्पना : हळदीच्या एक्स्ट्रॅक्टच्या निमित्ताने

उपोद्घात

वनस्पतीतील गुण बाहेर आणावयाचे तर माध्यम लागते, हे वैद्याला नव्याने सांगावयास नको. जल, दूध, घृत, तैल, कांजी, गोमूत्र आणि आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्य ही आपल्या भैषज्यकल्पनेतील माध्यमे होत. आधुनिक रसायनशास्त्र त्यांनाच विद्रावक म्हणते, आणि कारखान्याच्या भाषेत तो 'सॉल्व्हंट' होतो. आपल्या जुन्या माध्यमांचे वैशिष्ट्य असे की ती सर्व पोटात घेण्याजोगी होती. माध्यम कल्पात राहिले तरी बिघडत नसे, उलट ते कल्पाचाच भाग असे. गेल्या काही दशकांत मात्र आपल्या फार्मसीत जी तयार एक्स्ट्रॅक्ट येऊ लागली, त्यांच्या डब्यावर माध्यमाचे नाव बहुधा नसते आणि आपणही ते विचारीत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी लहान फार्मसी चालविताना हरिद्राखंड हा आमचा नेहमीचा कल्प. शीतपित्ताच्या रुग्णांना, त्यांत लहान मुलांनाही, तो आम्ही देतो. एका पुरवठादाराने '९५ टक्के कर्क्युमिन' असलेली पूड सुचविली. हळदीबरोबर ही थोडी घातली की कल्पाची 'शक्ती' वाढेल, असे त्याचे म्हणणे. आम्ही एक किलो घेतली आणि त्यातील काही भाग एका बॅचमध्ये घातलाही. पुढे पावसाळ्यात डबा पुन्हा उघडला तेव्हा हळदीच्या वासाऐवजी एक गोडसर, रासायनिक वास आला. प्रमाणपत्रावर शुद्धता, आर्द्रता, जंतुसंख्या सारे होते, पण विद्रावकाच्या रकान्यात 'फूड ग्रेड सॉल्व्हंट' एवढेच शब्द होते. तीन वेळा विचारल्यावर नाव कळले : इथिलीन डायक्लोराइड. आमच्या खर्चाने खासगी प्रयोगशाळेत तपासणी केली. अवशेष औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या वर, परंतु अमेरिकेतील मसाल्यांच्या मर्यादेच्या आत निघाला. पुरवठादार म्हणाला, "माल पास आहे." आम्ही ती बॅच नष्ट केली. नुकसान आमचे झाले आणि ते योग्यच होते, कारण न विचारता घेतले हा दोष आमचाच होता.

त्या निमित्ताने जे वाचले, तपासले आणि जाणकारांना विचारले, ते वैद्यबंधु-भगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहोत. विषय खाद्य व औषधी उपयोगाच्या वनस्पती-एक्स्ट्रॅक्टसाठी वापरावयाच्या 'हरित' विद्रावकांचा आहे, आणि उदाहरण आपल्या जिल्ह्यांच्या हळदीचे घेतले आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा. बाजारात एक्स्ट्रॅक्टला सर्रास 'अर्क' म्हणतात. आपल्या शास्त्रात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने मिळालेला द्रव. क्वाथ आटवून मिळतो तो घन. म्हणून विद्रावकाने काढलेल्या व्यापारी द्रव्यास या लेखात 'एक्स्ट्रॅक्ट' आणि काढण्याच्या क्रियेस 'निष्कर्षण' असे म्हटले आहे.

हळद पाण्याला का वश होत नाही?

सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. 'सांगली हळद' या नावास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. इतक्या समृद्ध प्रदेशात राहून हळदीचे द्रव्य कसे काढले जाते याविषयी आपण अनभिज्ञ असावे, हे बरे नव्हे.

हळदीतील पीतद्रव्य प्रथम १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिये यांनी वेगळे केले. त्यात कर्क्युमिन व त्याची दोन भावंडे असतात, आणि तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड म्हणतात. वाळलेल्या हळदीत त्यांचे प्रमाण जातीनुसार साधारण ३ ते ५ टक्के असते. त्याखेरीज हळदीत सुगंधी उडनशील तेल असते आणि त्यात टर्मेरोन हा प्रमुख घटक असतो.

विद्यार्थ्यांना आम्ही एक साधा प्रयोग दाखवितो. चिमूटभर हळद तीन काचपात्रांत घ्यावी. एकात थंड पाणी, दुसऱ्यात गोडे तेल, तिसऱ्यात शुद्ध मद्यार्क घालावा. हलवून गाळणकागदातून गाळावे. पाणी फिके उतरते व पूड तळाशी राहते. तेल पिवळे होते. मद्यार्क गडद नारिंगी-पिवळा होतो. कर्क्युमिन जलद्वेषी आहे, त्याला स्नेह किंवा मद्य लागते. उकळल्याने त्याची जलविद्राव्यता काहीशी वाढते, पण फार नाही. क्षारीय माध्यमात व उजेडात ते झपाट्याने विघटित होते, हेही औषधनिर्मात्यांनी लक्षात ठेवावे.

हळद दुधातून वा तुपातून देण्याच्या आपल्या प्रघाताचा अर्थ येथे उलगडतो. हरिद्राखंडात हळदीला दूध आणि घृत दोन्ही आहेत, आणि प्रक्षेपात त्रिकटू आहे. म्हणजे विद्रावक आणि शोषणास साह्य करणारे द्रव्य यांची योजना एकाच कल्पात आहे.

कारखान्यातील रीत व तिचे दोष

नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांची पूड साधारणपणे अशी बनते. हळदीचे भरड चूर्ण सेंद्रिय विद्रावकात भिजवितात. तो द्रव गाळून, विद्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवितात. खाली जो चिकट, गडद पदार्थ राहतो त्यास ओलिओरेझिन म्हणतात. त्यात पीतद्रव्य, तेल व राळ एकत्र असतात. पुढे दुसऱ्या विद्रावकात त्यापासून कर्क्युमिनॉइडचे स्फटिक पाडतात आणि तेल बाजूला काढतात. विद्रावक परत मिळविताना तो संपूर्ण जात नाही. काही अंश स्फटिकांत अडकून राहतो. त्यालाच विद्रावक-अवशेष म्हणावयाचे.

या कामी ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मिथेनॉल, हेक्झेन व इथिलीन डायक्लोराइड ही द्रव्ये प्रचारात आली. त्यांतील तीन विशेष चिंतेची आहेत.

हेक्झेन हे खनिज तेलापासून मिळते. शरीरात त्याचे २,५-हेक्झेनडायोन बनते व ते हातापायांच्या नाडींना अपाय करते. जपान व इटलीतील पादत्राण-कामगारांत हेक्झेनयुक्त गोंदामुळे असे विकार आढळले होते. अवशेषापेक्षा हा धोका मुख्यतः हाताळणाऱ्या कामगाराला आहे, आणि तो कामगार आपल्याच गावचा असतो. मिथेनॉलचा दृष्टिनाडीवरील परिणाम सर्वश्रुत आहे. इथिलीन डायक्लोराइडची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्ककारक असण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांत केली आहे.

आता मर्यादा पाहा. औषधांतील अवशेषांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत विद्रावकांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग टाळावयाचा : त्यात बेन्झीन २, कार्बन टेट्राक्लोराइड ४ व इथिलीन डायक्लोराइड ५ भाग प्रतिदशलक्ष, म्हणजे दर किलोत तितके मिलिग्रॅम. दुसरा वर्ग मर्यादित वापराचा : त्यात हेक्झेन २९० व मिथेनॉल ३,०००. तिसरा वर्ग अल्प धोक्याचा : त्यात इथेनॉल, ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, प्रत्येकी ५,०००. अमेरिकेच्या खाद्यनियमांत मसाल्यांच्या ओलिओरेझिनमध्ये क्लोरिनयुक्त विद्रावक एकूण ३० भागांपर्यंत चालतात. युरोपीय संघाने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनसाठी जी विद्रावकांची यादी दिली आहे, तीत मात्र इथिलीन डायक्लोराइड मुळीच नाही. एकच द्रव्य एका ठिकाणी यादीबाहेर, दुसरीकडे ३० पर्यंत आणि औषधात ५ पर्यंत. म्हणून 'माल पास आहे' या वाक्यावर वैद्याचा पहिला प्रश्न हवा : कोणत्या नियमाने पास?

'हरित' म्हणजे काय?

१९९८ मध्ये अनास्तास व वॉर्नर यांनी हरित रसायनाची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील पाचवे तत्त्व विद्रावकांविषयी आहे : शक्य तर विद्रावक वापरूच नये, आणि वापरला तर निरुपद्रवी असावा. २०१२ मध्ये फ्रान्समधील फरीद शेमा व सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या हरित निष्कर्षणाची सहा तत्त्वे स्वतंत्रपणे दिली. पुनरुत्पादित होणारी वनस्पती, पाणी वा शेतीजन्य विद्रावक, कमी ऊर्जा, चोथ्याचाही उपयोग, थोड्या पायऱ्या आणि निर्मळ अंतिम द्रव्य असा त्यांचा मथितार्थ आहे.

वैद्याच्या दृष्टीने आम्ही यास तीन प्रश्नांचे रूप देतो. रुग्णाच्या पोटात काय राहिले? वनस्पतीतील काय आले व काय मागे सुटले? कामगाराच्या श्वासात आणि गावच्या पाण्यात काय गेले? तिन्हींची उत्तरे चांगली असतील तोच विद्रावक हरित. नुसते 'नैसर्गिक' वा 'ग्रीन' असे छापल्याने तो हरित होत नाही.

उपलब्ध पर्याय

(१) जल. सर्वांत निर्मळ, सर्वांत स्वस्त, आणि पुष्कळ वनस्पतींना पुरेसे. आमच्या जावळीच्या रानातील हिरडा, आवळा, जांभूळ यांचे कषायद्रव्य पाण्यात उत्तम उतरते. जांभूळ, करवंद, कोकम यांतील जांभळा-तांबडा रंग किंचित आम्लयुक्त पाण्यात येतो व टिकतो. त्यासाठी लिंबातील सायट्रिक आम्ल पुरते. अशा द्रव्यांची सेंद्रिय विद्रावकाने काढलेली एक्स्ट्रॅक्ट विकत घेणे म्हणजे ओढ्याकाठी राहून पाणी विकत घेण्यासारखे आहे. जलाचा दोष असा की आटविण्यास इंधन फार लागते, उष्णतेने नाजूक द्रव्ये जातात, आणि घन ओलावा धरतो. मेढ्याच्या पावसाळ्यात घनाचे ढेकूळ होण्यास एक रात्र पुरते.

(२) मद्यार्क व जल-मद्यार्क मिश्रण. आमच्या मते सध्या सर्वांत व्यवहार्य हरित विद्रावक हाच आहे. तो उसाच्या मळीपासून बनतो, आणि सातारा-सांगलीकरांना ऊस दूर शोधावा लागत नाही. पाण्याचे प्रमाण कमीजास्त करून हव्या त्या द्रव्यापर्यंत पोहोचता येते : कषायद्रव्यांसाठी अर्धे-अर्धे मिश्रण चालते, हळदीसाठी तीव्र मद्यार्क लागतो. ७८ अंश सेल्सियसला तो उकळतो, म्हणून परत मिळविणे सोपे. अडचणी तीन आहेत. राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी व नोंदवह्या लागतात. बाष्प ज्वालाग्राही असल्याने विजेची उपकरणे ज्वालारोधक हवीत. आणि तिसरी गोष्ट महत्त्वाची : औद्योगिक वापरासाठी विकृत केलेल्या मद्यार्कात मिथेनॉलसारखी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. 'अल्कोहोल एक्स्ट्रॅक्ट' असे वाचून समाधान मानू नये, कोणता अल्कोहोल ते विचारावे.

(३) इथाइल ॲसिटेट. मद्यार्क व ॲसेटिक आम्ल यांच्या संयोगाने हे बनते. पिकलेल्या फळांच्या सुगंधातही ते असते. कर्क्युमिनसाठी ते चांगले चालते, आणि क्लोरिनयुक्त विद्रावकांना हाच बहुधा पहिला पर्याय असतो. आयुर्वेदाशी त्याचा संबंध जुना आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळावर दीर्घकाळ काम करून १९८० च्या दशकात जो 'गुगुलिपिड' पुढे आणला, तो गुग्गुळाचा इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळणारा भाग होय. मात्र हाही ज्वालाग्राही आहे, हे विसरू नये.

(४) अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड. ३१ अंशांवर तापमान व सुमारे ७३ वातावरणांहून अधिक दाब असता हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रव राहत नाही. तो वायूसारखा शिरतो व द्रवासारखा विरघळवितो. दाब सोडला की उडून जातो आणि अवशेष ठेवीत नाही. जर्मनीत कॉफीतील कॅफीन काढण्यासाठी ही रीत प्रथम पुढे आली. सुंठ, मिरी, वेलची यांच्या सुगंधी तेलासाठी ती उत्कृष्ट. तथापि हळदीबाबत विक्रेत्याची जाहिरात तपासून घ्यावी. या वायूत हळदीचे तेल सहज येते, पण कर्क्युमिन फारच थोडे विरघळते. त्यासाठी मद्यार्काची जोड द्यावी लागते. शिवाय यंत्राचा खर्च लहान फार्मसीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

(५) जलसाहाय्यक क्षार. काही क्षार पाण्यात मिसळले असता जलद्वेषी द्रव्येही पाण्यात विरघळतात. १९१६ मध्ये नॉयबर्ग यांनी या घटनेस हायड्रोट्रोपी हे नाव दिले. या विषयात आपल्या मुंबईचे काम मोलाचे आहे. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे २००८ पासून जिला इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणतात त्या संस्थेत, प्रा. विलास गायकर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये काळ्या मिरीतील पिपेरिन व २००३ मध्ये हळदीतील कर्क्युमिनॉइड अशा द्रावणांनी काढून दाखविले. यातील युक्ती सुंदर आहे. तीव्र द्रावणात द्रव्य विरघळते, आणि नंतर साधे पाणी घालून द्रावण पातळ केले की ते तळाशी बसते. पेट्रोलजन्य विद्रावक लागत नाही व आगीचे भय नाही. पण क्षार खाद्य दर्जाचा आहे का आणि तो धुऊन पूर्ण जातो का, हे दोन प्रश्न येथेही राहतातच.

(६) नैसर्गिक गाढ द्रावणे. २००३ मध्ये ॲबट व सहकाऱ्यांनी दाखविले की दोन घन पदार्थ ठराविक प्रमाणात मिसळले असता द्रव होतात व विद्रावकाचे काम करतात. २०११ मध्ये चोई, व्हेरपूर्ते आदींनी शर्करा, सेंद्रिय आम्ले, कोलीन यांची अशी नैसर्गिक मिश्रणे वर्णिली. वैद्याला ही कल्पना परकी वाटू नये. मध, गुलकंद व मोरावळा यांत शर्करा हेच माध्यम आहे. यांचा गुण तोच यांचा दोष : ही द्रावणे उडत नाहीत, म्हणून अंतिम द्रव्यात राहतात. राहणारा प्रत्येक घटक खाण्याजोगा असेल तरच त्यांचा विचार करावा.

जगात हेक्झेनला पर्याय शोधण्याचे काम वेगाने चालू आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये २-मिथाइलऑक्सोलेन या विद्रावकास खाद्यनिष्कर्षणासाठी मान्यता दिली. तो उसाचे चिपाड, मक्याची कणसे अशा शेतीच्या उर्वरितापासून बनविता येतो. चिपाडांचे डोंगर ज्या जिल्ह्यांत उभे राहतात, तेथील तरुण रसायनतज्ज्ञांनी या वार्तेकडे लक्ष द्यावे.

माध्यम बदलले की द्रव्य बदलते

अवशेषाच्या चर्चेत आपण दुसरा प्रश्न विसरतो. हळद म्हणजे कर्क्युमिन नव्हे. ९५ टक्क्यांच्या पुडीत हळदीचे तेल नाही, पिष्ट नाही, जलविद्राव्य भाग नाही. ग्रंथांतील हरिद्रेचे गुण त्या संपूर्ण कंदाचे आहेत. त्यांचा आधार घेऊन एका घटकाची पूड विकणे शास्त्राला धरून नाही. अवशेष शून्य असला तरी हा आक्षेप उरतोच.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची दैनिक ग्राह्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनास ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरविली आहे. ६० किलोच्या व्यक्तीस ती १८० मिलिग्रॅम होते. ४ टक्के कर्क्युमिनॉइड असलेली ३ ग्रॅम हळद घेतली तर १२० मिलिग्रॅम पोटात जातात. पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधून ४७५ जातात. चिकित्सेची मात्रा वैद्य ठरवील, पण 'आहार' म्हणून कोणालाही रोज घेण्यास सांगताना हा फरक डोळ्यांआड करू नये.

त्यात पिपेरिनची भर पडते. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले असता मानवात कर्क्युमिनची उपलब्धता वीसपट आढळली. तेव्हापासून ही जोडी बाजारात लोकप्रिय झाली. परंतु २०१९ मध्ये इटलीत हळदयुक्त पूरक आहार घेणाऱ्यांत यकृतशोथाचे रुग्ण नोंदले गेले, आणि अमेरिकेतही अशा नोंदी झाल्या. स्वयंपाकातील हळदीशी याची गल्लत करू नये. तरीही शुद्ध घटक, मोठी मात्रा आणि शोषणवर्धक या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेथे वैद्याने कामलेची लक्षणे विचारलीच पाहिजेत.

कायदा काय सांगतो?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१० मध्ये आलेला नियम १५८-ब औषधनिर्मात्यांनी पुन्हा वाचावा. त्यात वनस्पती-एक्स्ट्रॅक्टचे जलीय, जल-मद्यार्कीय आणि या दोहोंव्यतिरिक्त इतर असे वर्ग केले आहेत. पहिल्या दोहोंना ग्रंथोक्त उपयोगासाठी सवलत आहे. तिसऱ्या वर्गासाठी तीव्र व दीर्घकालीन विषाक्तता, उत्परिवर्तन व गर्भविकृती यांविषयीच्या अभ्यासाची अपेक्षा आहे. म्हणजे ॲसिटोन वा क्लोरिनयुक्त विद्रावकातील पूड आपल्या प्रोप्रायटरी कल्पात टाकणारा निर्माता, बहुधा नकळत, या तिसऱ्या वर्गात शिरतो. शब्दशः पाहिल्यास अवशेष न ठेवणारा कार्बन डायऑक्साइडही त्याच वर्गात पडतो. ही विसंगती आपल्या संघटनेने मांडावयास हवी. तोवर जल व जल-मद्यार्क हाच लहान निर्मात्यासाठी निर्वेध मार्ग होय. आयुर्वेदीय औषधिकोशाच्या पहिल्या भागाच्या आठव्या खंडात वनस्पतींच्या जलीय व जल-मद्यार्कीय एक्स्ट्रॅक्टची मानके दिली आहेत, त्यांचा आधार घेता येतो.

खाद्य म्हणून विकावयाचे असल्यास मार्ग वेगळा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये 'आयुर्वेद आहार' नियम आणले. त्यांचा पाया प्रमाणग्रंथांतील कृती हा आहे. ग्रंथातील कृती सांगावयाची आणि तीत कारखान्यातील शुद्ध घटक मिसळावयाचा, हे त्या नियमांच्या हेतूशी विसंगत आहे.

लहान फार्मसीसाठी सूचना

१. पुरवठादाराकडून विद्रावकाचे नाव लेखी घ्यावे. 'फूड ग्रेड' हे नाव नव्हे. एकाहून अधिक विद्रावक वापरले असल्यास स्फटिकीकरणाच्या पायरीचाही उल्लेख हवा.

२. अवशेषाचा अहवाल गॅस क्रोमॅटोग्राफीचा व त्याच बॅचचा असावा. वाळविल्यावरील घट ही चाचणी एकूण उडनशील भाग सांगते, त्यात पाणी किती व विद्रावक किती हे ती सांगत नाही.

३. वाहक द्रव्य विचारावे. घन मोकळा राहावा म्हणून माल्टोडेक्स्ट्रिनसारखे द्रव्य किती घातले आहे, यावर मात्रा अवलंबून असते.

४. जे पाण्यात येते त्यासाठी पाणीच वापरावे. घन मंद आचेवर, शक्य तर कमी दाबाखाली आटवावा आणि पावसाळ्यापूर्वी तयार करून हवाबंद भरावा.

५. स्नेहप्रिय द्रव्यांसाठी स्नेहकल्पना व क्षीरपाक वापरावेत. कल्क, स्नेह व द्रव यांचे १ : ४ : १६ हे प्रमाण आणि क्षीरपाकात द्रव्य, दूध व पाणी यांचे १ : ८ : ३२ हे प्रमाण आपणांस पाठ आहे. त्यास परवाना-फेर लागत नाही.

६. मद्यार्काचे निष्कर्षण स्वतः करावयाचे तर परवानगी, ज्वालारोधक व्यवस्था व विद्रावक परत मिळविण्याचे यंत्र या तिन्ही गोष्टी आधी असाव्यात. आम्ही ते करीत नाही. आमच्या जागेत ते सुरक्षित होणार नाही.

७. विद्रावकाने भिजलेला चोथा खतात, जनावरांपुढे वा ओढ्यात टाकू नये. आमच्या गावचे सांडपाणी वेण्णेत जाते आणि वेण्णा कृष्णेला मिळते. खाली सांगलीपर्यंत तेच पाणी पितात. जलीय निष्कर्षणाचा चोथा मात्र उत्तम खत होतो.

समारोप

आमच्या फार्मसीत हरिद्राखंड आज पुन्हा जुन्याच रीतीने होतो : चांगल्या कंदाची हळद, गाईचे तूप, दूध, साखर, मंद आच. हळदीच्या प्रत्येक खेपेची कर्क्युमिन-तपासणी मात्र आम्ही आता करून घेतो. ती सवय आम्हांला त्या ९५ टक्क्यांच्या डब्यानेच लावली. नव्या विद्येला आमचा विरोध नाही. मद्यार्क, इथाइल ॲसिटेट, कार्बन डायऑक्साइड यांची योग्य जागा आहे, आणि माटुंग्यातील संशोधनासारखे काम आपल्या वनस्पतींवर अधिक व्हावे असेच आम्हांस वाटते.

वैद्य अनुपान विचारल्याशिवाय औषध देत नाही. तद्वत माध्यम विचारल्याशिवाय एक्स्ट्रॅक्ट घेऊ नये, एवढीच विनंती. संघटनेच्या सभासदांनी आपापल्या पुरवठादारांना हा एकच प्रश्न लेखी विचारावा आणि आलेली उत्तरे पुढील त्रैमासिक सभेत घेऊन यावीत. एकट्या फार्मसीला जे उत्तर तीन वेळा विचारूनच मिळाले, ते शंभर फार्मसींना पहिल्याच पत्रात मिळेल.